कापसातलं हिमस्खलन

किस्से एकदम येत नाहीत. थरावर थर साचत जातात आणि मग कोणीतरी चहाला बसवलं की सगळे मिळून अंगावर येतात! आमच्या गिर्यारोहण मंडळाचंही तसंच आहे. सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरकरांनी हिमालयात जायचं ठरवलं. तोपर्यंत बर्फ आम्ही फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

*

देवतळे सर आमचे लीडर. शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे हिमस्खलन त्यांना तोंडपाठ! जुन्या टणक थरावर नवा भुसभुशीत बर्फ पडतो, ऊन लागलं की वरचा थर सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. हे प्रत्यक्ष दाखवायला त्यांनी कारखान्यातून बर्फाची लादी आणली. गच्चीवर. मे महिन्यात!

सरांची प्रस्तावना संपली आणि गोणपाट उघडलं, तेव्हा आत नुसता ओला भुसा होता.

"पाहिलंत?" सर जराही न डगमगता म्हणाले, "हाच तो धोका!"

*

मग बर्फात गाडलेला माणूस शोधायची प्रॅक्टिस. बर्फ नाही तर नाही, कापूस तर होता! ओळखीच्या एका जिनिंग कारखान्यात, सरकी काढतात तिथे, कापसाचा डोंगर होता, आणि पुरून घ्यायला गुणवंता तयार झाला. हा इतवारीतला किराणा दुकानदार. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी दुपारी जेवून दुकान बंद करून झोपणार म्हणजे झोपणार!

श्वासासाठी तोंडावर टोपली ठेवून आम्ही त्याला पुरलं आणि बांबूने टोचून शोधू लागलो. पण कापूस सगळीकडे सारखाच! गुणवंता सापडेना. हाका मारल्या, ओ देईना. बांबू टाकून आम्ही हातांनी कापूस उपसू लागलो. तेवढ्यात भलत्याच कोपऱ्यातून घोरणं ऐकू आलं.

"अहो, गाडलेल्या माणसाने झोपायचं नसतं!" सर ओरडले.

"जेवण झालं होतं नं, सर," गुणवंता कापूस झटकत म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी त्याची बायको, शालूवहिनी, सरांच्या दारात!

"कापसात हरपले ते बर्फात कसे सापडतीन, सर? मले माहा माणूस जसा नेता तसा वापस पाहिजे!"

"वहिनी, शब्द देतो," सर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

*

सत्काराचा हॉल सरांनी निघण्याआधीच बुक केला होता. तोही रामदासपेठेसारख्या बड्या वस्तीत! हिमालयातल्या खिंडीतला झेंड्यासकटचा फोटो तेवढा बाकी होता.

खिंडीखाली पोचलो. आदल्या दिवशी ताजा बर्फ पडलेला. ऊन चढायच्या आत उतार पार करायचा, हा नियम सरांचाच. पण पोहे, चहा, परत चहा, मग जेवूनच निघू, असं करता करता दुपार झाली. एकाच दोराला बांधलेले तिघं: सर, गुणवंता आणि मी.

"सर, ऊन तापलं. उद्या जाऊ," मी म्हटलं.

"उद्या? आणि सत्काराचं काय?"

सर निघाले, आणि गुणवंता खडकाच्या आडोशाला आडवा झाला. "जेवल्यावर कोण चढते गा?" सरांनी त्याला हलवलं, रागावले, गालाला बर्फ चोळला. त्याने कूस बदलली. दोर त्याच्याच कमरेला, मग आम्हीही बसलो.

थोड्या वेळाने समोरचा सगळा उतार खाली आला. आवाज आधी पोटात घुसला, मग कानात. आमची वाटच उरली नाही. मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. सर नुसते त्या उताराकडे बघत होते.

गुणवंताने एक डोळा उघडला. "काय झालं गा? गिऱ्हाईक होय का?"

*

फोटोशिवाय परतलो, तरी सत्कार झालाच! तोही दुपारी, जेवणानंतर. शालूवहिनी पहिल्या रांगेत.

सर माइकवर रंगले होते. "बर्फाचे थर मी बघताक्षणी ओळखले, आणि त्याच क्षणी पथकाला थांबवलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

गुणवंता गळ्यात हार घालून खुर्चीतच घोरत होता. कार्यकर्त्यांना लाज वाटली. एकजण हळूच त्याच्या खांद्याला हात लावायला गेला.

सरांचं भाषण अर्ध्यात तुटलं. माइक बाजूला सारून ते धावले, आणि नेहमी शुद्ध बोलणारे आमचे देवतळे सर भर हॉलात ओरडले, "उठवू नका गा त्याले! कोणी उठवू नका!"