नेच्याच्या पानामागचे ठिपके

परवा नर्सरीत ओल्या शेवाळाचा वास आला आणि देवासचं आमचं क्वार्टर आठवलं. लग्न नवं असताना मी बायकोसाठी, सुमनसाठी, घासाघीस करून नेच्याची कुंडी आणली होती. पानांमागे तपकिरी ठिपके दिसताच कुंडी उचलून, ती विकणाऱ्या माळ्याला परत करायला गेलो. "भिया, रोगट माल पकडाया? वापस लो!"

सुमन मागून धावत आली. "अहो, रोग नाही तो! याला फूल नाही, बी नाही. ठिपक्यांतली भुकटी ओल्या मातीवर पडते, तिची इवलीशी हिरवी चकती होते, मग..."

माळी हसला. "पुरे!" मी तिच्यावर ओरडलो.

तिला हे घरी सांगता आलं नसतं का, असं अजूनही वाटतं. तिने मला पुन्हा कधीच काही समजावलं नाही. आता ती नाही. चकतीतून नेचा कसा उगवतो, ते मी पुस्तकात वाचलं. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.