कुलपं ओढून पाहणारा माणूस

आमच्या घरात गुन्हेशास्त्र जेवणाच्या टेबलावर शिकवलं जातं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ही टेबल पुसते, लॅपटॉप मांडते, कानांवर हेडफोन चढवते आणि माणूस चोरी का करतो ते विद्यापीठातल्या मुलांना समजावून सांगते. ही म्हणजे माझी बायको. नेमणूक अर्धवेळ, तीही एका सत्रापुरती. पगार अर्धा, काम मात्र सबंध. मुलं कॅमेरे बंद ठेवून बसतात. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हो," असं ती कुरकुरली की मी म्हणतो, "मग अवघड काय आहे? इतकी वर्षं माझ्याशी बोलतेसच की."

गुन्हे शिकवणारी बाई संशयी असेल असं लोकांना वाटतं. हिचं उलटंच आहे. आधी ती कोर्टात कारकून होती. तिथे रोज आरोपी बघून बघून तिचा माणसांवरचा विश्वास वाढला, आता बोला. एखाद्याने चार ओळींचं उत्तर लिहिलं तर ही त्याला दहा ओळींचा शेरा लिहिते. "एवढं कोण वाचतं?" असं विचारलं की म्हणते, "एखादा वाचत असेल."

अप्पा, म्हणजे तिचे वडील, आमच्याकडेच असतात. त्यांनी उभा जन्म बाजारातल्या दुकानांची राखण केली. आता त्यांना फारसं काही आठवत नाही. मला ते साहेब म्हणतात, आणि हिला कधी बाळ, कधी बाई. हिच्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की बोलला. "ते एकदा जरी एकटे बाहेर पडले ना, तर मी त्यांना घेऊन जाणार," त्याने बजावून ठेवलं होतं. तेव्हा ही छातीठोकपणे म्हणाली होती, "दादा, मी घरातच असते. डोळ्यांत तेल घालून बघते त्यांच्याकडे."

माझी पंपघरात दुसरी पाळी. त्यामुळे संध्याकाळी घरात ही आणि अप्पा दोघंच. अप्पा हिच्या मागच्या खुर्चीत बसायचे. वर्गात घर दिसू नये म्हणून ही आपल्या मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावते. असलं भरगच्च कपाट आमच्या अख्ख्या इमारतीत नसेल. पण त्या चित्रामुळे मुलांना आमचं दार दिसत नव्हतं, आणि हिलाही नाही.

हिचा आवडता धडा असा, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, तो करणारा माणूस. दोन, हात मारण्याजोगी वस्तू. आणि तीन, राखणारा जागेवर नसणं. या धड्यावर तिने मुलांना काम दिलं होतं. आपापल्या गल्लीचा नकाशा काढायचा, काही संध्याकाळी तिच्यावर नजर ठेवायची आणि या तिन्ही गोष्टी कुठे एकत्र येतात ते वर्गात सांगायचं. वर्ग रेकॉर्ड होतो. त्या मंगळवारचा मी नंतर पाहिला, म्हणून हे सगळं सांगू शकतो.

एका विद्यार्थिनीने नकाशा पडद्यावर आणला, आणि हिच्या भुवया वर गेल्या. गल्ली आमचीच होती. मुलगी समोरच्या इमारतीत राहत होती आणि दोघींना त्याचा पत्ता नव्हता.

"मॅडम, माझ्याकडे एक संशयित आहे," मुलगी उत्साहात म्हणाली. "वयस्कर गृहस्थ. दुकानं बंद झाली की येतात आणि एकेक कुलूप ओढून बघतात. मागच्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानाचं कुलूप नीट लागलं नव्हतं. तिथे ते कितीतरी वेळ उभे होते. आत शिरायची हिंमत झाली नसावी."

"कधी येतात?" हिने विचारलं. आवाज मास्तरणीचाच होता.

"गंमत म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारीच. आत्तासुद्धा खिडकीतून दिसतायत."

ही गर्रकन मागे वळली. खुर्ची रिकामी होती. दारातले बूटही नव्हते.

रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर नुसतं पुस्तकांचं कपाट दिसतं. मग त्याच मुलीचा आवाज येतो: "अरे, एक बाई धावत आली! पकडलं त्यांना! मॅडम, बघताय ना?" मॅडम कशा बघणार? मी ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मुलगी नकाशा उघडत होती, तेवढ्यात कपाटाच्या कडेला अप्पांची टोपी क्षणभर दिसते आणि पुस्तकांत नाहीशी होते. पहिल्यांदा मला हसू आलं. मग हे असं किती आठवडे चाललं असेल ते मी बोटांवर मोजू लागलो.

घरी आलो तर ही अप्पांशेजारी बसून होती, डोळे सुजलेले. "शिकवते काय आणि करते काय! राखणारा जागेवर नसणं म्हणे. मीच ती."

"दाराची कडी त्यांचा हात पोचणार नाही इतकी वर बसवू," मी म्हणालो. "दादांना सांगायची काही गरज नाही."

"त्याचेही वडील आहेत," ती म्हणाली आणि तिने फोन लावला.

गुरुवारी मेहुणे स्वतःची गाडी घेऊन आले. चेहऱ्यावर मी-सांगत-होतो असं स्पष्ट लिहिलेलं. "त्यांचे कपडे भर," त्यांनी हिला सांगितलं. हिने वाद घातला नाही. बॅग भरून दाराशी आणून ठेवली. मला तिचा रागच आला. भांडायला काय झालं होतं?

"दादा, नेच तू," ती म्हणाली. "फक्त आज एकदा त्यांच्या मागून चालून ये. माझा वर्ग आहे, मला उठता येणार नाही." वर्ग बुडवला तर पुढच्या सत्राला बोलावतील याचा भरवसा नव्हता. तिने हेडफोन चढवले. अप्पांनी बूट चढवले. मी पाळी बदलून घेतली होती, मग आम्ही दोघं त्यांच्या मागे निघालो.

घरात पेला कुठे ठेवला ते न आठवणारा माणूस गल्लीत एकही दुकान चुकला नाही. कुलूप ओढायचं, शटरवर थाप मारायची, पुढे जायचं. लहानपणी बापाला मेहुणे असं कामावर कधी बघायला गेले असतील की नाही, कोण जाणे.

शेवटच्या दुकानासमोर मेहुण्यांची गाडी उभी होती. अप्पांनी तिचंही दार ओढून पाहिलं, आणि ते उघडलं. घाईघाईत मेहुणे लॉक करायला विसरले होते. अप्पांनी दार हलकेच लावलं, गाडीला पाठ केली आणि हात मागे बांधून उभे राहिले. वारा बोचरा होता. आम्ही वाट पाहिली. ते हलेनात.

मेहुणे पुढे झाले. "अप्पा, चला घरी."

"मालक आल्याशिवाय नाही हलणार."

"अहो, गाडी माझीच आहे. मी तुमचा..."

"किल्ली दाखवा."

मेहुण्यांनी खिशातून किल्ली काढली. अप्पांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, परत दिली, गाडी लॉक करायला लावली आणि स्वतः दार ओढून खात्री केली. मग मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जा आता. उशीर करू नका. घरी बाप वाट बघत असेल."

मेहुणे तिथेच फुटपाथवर बसले. एवढा दणकट माणूस, पण त्याला रडं आवरेना. मी दुसरीकडे बघत राहिलो.

बॅग हिने त्याच रात्री रिकामी केली. पुढच्या वर्गात तिने मुलांना सगळं सरळ सांगून टाकलं. त्या मुलीला निरीक्षणाचे पूर्ण गुण दिले, निष्कर्षाचे कापले आणि खाली भलामोठा शेरा लिहिला. मुलीने तो वाचला, कारण आता जाता-येता ती अप्पांना नमस्कार करते.

गुरुवारची पाळी मी कायमची बदलून घेतली. आता गुरुवारच्या फेरीला मी असतो आणि मंगळवारी मेहुणे. गाडी ते त्याच दुकानासमोर लावतात. गेल्या मंगळवारी मला सुट्टी होती. ते उतरले तसं मी गाडीकडे बोट दाखवून म्हणालो, "दादा, लॉक करायला विसरलात."

"विसरलो नाही," ते म्हणाले, आणि अप्पांच्या मागे चालू लागले.