चूळ नाही, तर पंप नाही

दम्याच्या माणसाला श्वास घ्यायला शिकवण्याचा पगार मिळतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "श्वास काय शिकवायचा? जन्मल्याबरोबर येतोच की," त्या म्हणायच्या. मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट होते. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळायचा आणि ओपीडीच्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत बसून इनहेलर घ्यायला शिकवायचं, हे माझं काम. इनहेलर हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीतच राहायचा. लोक त्याला पंप म्हणत आणि मला पंपवाल्या बाई.

सांगून सांगून घशाला कोरड पडे. मार्केट यार्डातले मिरचीचे एक व्यापारी यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल महिनाभर दुधाबरोबर गिळत होते, आणि वर मलाच म्हणाले, "बाई, गुण नाही तुमच्या औषधाला." कोथरूडच्या एक बाई पंपाची सवय लागेल म्हणून तो कपाटात कुलूपबंद ठेवत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझी जीभ मुळात तिखट, त्यात अशी माणसं. "ऐकायचं नसेल तर येता कशाला?" असं मी कित्येकांना तोंडावर विचारलं आहे.

बहुतेकांकडे दोन पंप असत. तपकिरी रोजचा, दम लागूच नये म्हणून. निळा, दम लागला की घ्यायचा. तपकिरी घेतल्यावर चूळ भरली नाही तर तोंड येतं, आणि तोंड आलं की लोक पंपच सोडून देतात. निळ्याला चूळ लागत नाही. पण दोन पंपांचे दोन नियम सांगितले की एकही लक्षात राहत नाही, असा माझा अनुभव. म्हणून मी दोन्हींना एकच नियम लावून टाकला. प्रत्येकाला द्यायच्या कागदावर तळाशी ठळक लिहायची, 'चुळ नाही, तर पंप नाही.' त्याखाली दोन रेघा. पुण्यात पाटीसारखं लिहिलं की लोक निदान वाचतात, असं मी अभिमानाने सांगत असे.

नारायण पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका त्या कागदावरून माझ्या लक्षात राहिल्या. मी कागद पुढे केला तर त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. "चुळीतला चू दीर्घ हवा हो," म्हणाल्या आणि दुरुस्त करूनच कागद घडी घालून ठेवला. मला राग आला, आणि आवडलंही. पुढे दर महिन्याला स्वतःच्या दम्यासाठी त्या यजमानांना सोबत घेऊन यायच्या. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच सावकाश ओढायचा, दहा अंक रोखायचा, मग चूळ. एकदाही चुकल्या नाहीत. नव्या पेशंटना मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "बघा, ऐकणारी माणसं कशी बरी होतात."

हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी त्यांना तातडीच्या विभागात आणलं, तेव्हा ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी गणपती, रस्त्यांवर मांडव आणि मूर्ती न्यायला आलेली गर्दी. रिक्षा पेठेतून बाहेर पडायलाच फार वेळ लागला होता. नळी घातली, व्हेंटिलेटर मीच लावला. छाती इतकी आवळलेली की मशीन हवा ढकलत होतं आणि ती आत जात नव्हती. मी बाहेर आले आणि दाराशी उभ्या असलेल्या यजमानांवर ओरडले. "पंप घेतला नाही का त्यांनी? एवढं शिकवून, एवढं लिहून देऊन?" ते हातात बायकोच्या चपला घेऊन उभे होते. घरोघरी गणपती बसत होते तेव्हा त्या गेल्या.

त्या दिवशी माझं मन खूप कडू झालं. इतकी शहाणी बाई, तिनेही शेवटी ऐकलं नाहीच, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं.

महिन्याभराने त्यांचे यजमान माझ्या खोलीत आले. न वापरलेले दोन पंप कोणाला उपयोगी पडले तर, म्हणून घेऊन आले होते. ते टेबलावर ठेवले आणि खिशातून तो कागद काढून माझ्यासमोर उलगडला. लाल शाईतला दीर्घ ऊकार तसाच होता.

"आमच्याकडे हरतालिका कडक असते," ते म्हणाले. "पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. दुपारी माळ्यावरून मखर काढलं, धुळीने दम लागला. निळा पंप हातात दिला मी. तर म्हणाली, बाईंनी लिहून दिलंय, चूळ नाही तर पंप नाही. आज चूळ भरता येत नाही, उद्या सकाळी घेईन."

मी कागदाकडे बघत राहिले. दोन रेघा मीच ओढल्या होत्या. व्रत तर त्या यांच्याचसाठी करत होत्या.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, बँकेच्या खिडकीवर विचारतात तसा. "तिने निळा घेतला असता आणि चूळ भरलीच नसती, तर काय झालं असतं?"

खोटं बोलावं असं आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. जमलं नाही.

"काही झालं नसतं," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची पूर्वीच्याच घड्यांवर घडी घातली आणि उठले.

"मग तसं लिहायचं होतंत."