माझे शास्त्रोक्त मत्स्यपालन

बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात मी आरामखुर्ची घ्यायला गेलो आणि काचेची पेटी घेऊन आलो. पेटीबरोबर चार सोनेरी मासे होते. ते कडीच्या डब्यात घातले, पेटी मांडीवर घेतली आणि निपाणीपर्यंत मोटारीत नवरदेवाच्या ऐटीत बसून आलो. वंटमुरीच्या घाटात डब्यातले निम्मे पाणी शेजारच्या गृहस्थांच्या धोतरावर गेले. त्यांनी मला काय सुनावले ते इथे लिहीत नाही.

बायकोने पेटी पाहून "खुर्ची कुठं हाय?" एवढेच विचारले. आक्का मात्र आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली. ही माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडे होती. कामापुरती बाहेर यायची, बाकी सारा दिवस त्या खोलीत. त्या दिवशी ती पुढच्या सोप्यावर येऊन पेटीपुढे बसली आणि म्हणाली, "बघ की रं, तोंड कसं हलवत्यात. जप करत्यात वाटतं." आणि हसली. तिला हसताना पाहून किती काळ लोटला होता! मला फार बरे वाटले. श्रेय अर्थातच मी घेतले.

पुढचे काही दिवस माशांचे सारे तीच बघे. घागरीत रात्रभर ठेवलेले पाणी, तेही रोज दोन तांबेच बदलायचे. भाताची चार शिते. तळाची घाण पळीने अलगद काढायची. मला हा कारभार अगदीच अडाणी वाटला. मी काही इंग्रजी इयत्ता शिकलेला माणूस, तंबाखूच्या वखारीत दिवसभर पान हाताने चोळून त्याची प्रत ठरवणारा पारखी. स्वच्छता म्हणजे काय ते मला नको का कळायला? भात घालणे तेवढे आक्काकडे ठेवून मी मासे ताब्यात घेतले. संध्याकाळी वखारीतून आलो की टोपी खुंटीला, बाह्या वर, आणि कोपरापर्यंत हात पेटीत घालून काचा घासायच्या. हात नाहीतरी पाण्यातच जाणार, मग आधी वेगळे धुण्याचा खटाटोप कशाला, हा माझा शास्त्रीय विचार.

आठवड्याच्या आत एक मासा उताणा तरंगला. मी चौकशी बसवली. फिर्यादी मी आणि न्यायाधीशही मीच. आक्काचा भात जास्त झाला, असा निकाल लागला. "तू आता पेटीला हात लावू नकोस," मी बजावले. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ती सोप्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

दुसरा मासा मेला तेव्हा मी मांजराला धरले. तिसरा मेला तेव्हा विहिरीला. मग चौथा तिरका होऊन पोहू लागला. हा गेला तर आक्का पुन्हा सोप्यावर येऊन बसायची नाही, हे मला पक्के ठाऊक होते.

वखारीत मी हे दुःख मोठ्याने सांगत होतो. पान निवडणाऱ्या बायकांमधली एक म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, "आण्णा, पेटीत हात घालताय त्ये ह्येच व्हय?"

मी हात पाहिले. बोटे काळी, चिकट, नखांत भुकटी.

"आमी ल्हानपणी वड्याच्या डबक्यात तंबाखूचा भुगा टाकून मासं धरायचो," ती म्हणाली. "घटकाभरात वर येत्यात, उताणं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. निपाणीत जन्म काढलेल्या पारख्याला हे दुसऱ्याने सांगावे लागले. मी काम टाकून घरी पळालो. विहिरीवर राखेने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने हात घासले आणि आक्काच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आक्का, मासे मी मारले. माझ्या हाताच्या तंबाखूने."

ती उठली. घागर घेऊन सोप्यावर आली, मासा ओंजळीने वाडग्यात घेतला, पेटी रिकामी केली आणि नवे पाणी ओतू लागली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"पयल्या दिवशीच पाण्याला वास आलता."

"मग बोलली का न्हाईस?"

ती पाणी ओततच राहिली. "तुझ्या भाकरीवर हाय रं मी. तू चुकलास म्हणून कसं सांगू तुला?"

मासा पुढे बरीच वर्षे जगला, पेटीला मी पुन्हा हात लावला नाही. पण त्या क्षणी मला तोंड लपवावेसे वाटले. "हे घर तुझंच आहे," असे मी तिला सांगत आलो होतो, आणि तेही नेहमी चार माणसांसमोर.