रापू नये म्हणून

त्या वर्षी होळी झाली आणि आईने मला उन्हाआड केलं. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत घरात जायचं आणि दिवस मावळल्यावरच बाहेर पाऊल टाकायचं. कारण एवढंच, की नदीपलीकडचं, राजुऱ्याच्या बाजूचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर. पाहुणे अक्षयतृतीयेनंतर येणार होते. मुलगी रापलेली नको, असा निरोप त्यांच्याकडून आला नव्हता. ते आईनेच ठरवलं. खुर्चीवर बसणाऱ्याला गोरी बायको लागते, हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे.

आमच्याकडच्या पोरी उन्हाळ्यात घरात सापडतच नाहीत. पहाटे मोहफुलं वेचायची, मग चाराची फळं तोडायची, वैशाख लागला की विड्यांसाठी तेंदूची पानं. डोक्याला ओलं फडकं गुंडाळलं, कनवटीला कांदा खोचला, की झाला उन्हाचा बंदोबस्त. तरी सगळ्याजणी काळ्या ठिक्कर पडत आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्या वर्षी माझ्या वाटणीचं सगळं काम माझ्या पाठच्या बहिणीवर पडलं. तिने चार आणायचा, आईने त्यातली चारोळी काढून दुधात वाटायची आणि माझ्या तोंडाला फासायची. तिने उन्हात जळायचं आणि मी उजळायचं, असा सगळा कारभार.

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दुपारी छपरावरचे कवेलू तापले की आत श्वास कोंडायचा. बहिणीने आणलेल्या पानांचे पुडे बांधत मी बसून राहायची. पानांना जंगलाचा वास असायचा, त्याने जास्तच चिडचिड व्हायची.

"मा, मी माणूस आहो का लोणचं? काऊन झाकून ठेवून राह्यली मले?" एकदा मी ओरडले.

"थोडे दिस कळ काढ," आई म्हणाली. "एकदाचं जमलं का जाय मंग कुठी जाच्चं तिथी."

तेव्हापासून मी त्या मास्तराची वाट बघायला लागले. मला नवरा नको होता, त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. हे स्थळ फिसकटलं तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरं येणार आणि मी पुन्हा आत, हे मला कळत होतं.

पाहुणे आले. मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला, तळवा उलटासुलटा करून पाहिला. मग अंगठ्याने माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून आत बघितलं.

"पोरीले काही दुखणं हाये काय? भर उन्हाळ्यात अशी पांढरीफटक?"

"नाई बाई, उन्हात जाऊच देत नाई आम्ही तिले," आई कौतुकाने म्हणाली.

"काऊन? पोरगा जाते शाळेत. मंग आमच्या बांध्यांत धानाचा रोवणा कोण करीन?"

तेवढ्यात डोक्यावर पानांचा भारा घेऊन माझी बहीण दारात आली. घामाने निथळत होती, हात चिकाने काळे झालेले. तिने भारा एका हाताने खाली उतरवला. त्या बाईची नजर माझ्यावरून जी उठली, ती पुन्हा माझ्याकडे आलीच नाही. चहा संपेपर्यंत बहिणीचं लग्न ठरलं. तिला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. मी आतल्या आत धुमसत होते. रात्री मात्र एकदम लक्षात आलं, की आता मला आत ठेवायला काही कारणच उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जंगलात गेले. तिसऱ्या दिवशी मानेवर फोड आले, नाकाची सालं निघाली. अंगाची नुसती आग होत होती, पण दुपारच्या आत मी घरी परतले नाही.

आणि आईने बहिणीला त्याच खोलीत बसवलं. नवरी मुलगी उन्हात जाते काय, म्हणाली. मी म्हटलं, "मा, त्यायनं तिले रापलेली पाहूनच पसंत केलं ना!" तर म्हणाली, "लग्नात चार गावचे लोक पाहतेत."

लग्नाला आठवडा राहिला असताना मी दुपारी भारा टाकायला घरी आले. आई नदीवर गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. बहीण खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. दोन आठवड्यांतच तिचे गाल उतरले होते.

"बाई," ती म्हणाली, "मले एक डाव ने ना तुयासंगं. मा यायच्या आत येऊ वापस."

"मा रागावन," मी म्हटलं आणि दार बाहेरून ओढून घेऊन निघाले.

आईची भीती मला नव्हतीच. त्या खोलीत दोघींपैकी एकीला बसावंच लागतं, ती बाहेर आली की मला आत जावं लागेल, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.