साडूभाऊंच्या गव्हातलं गवत

देवानं आमच्या साडूभाऊंना घडवताना आत्मविश्वास पोत्यानं ओतला आणि माहिती घालायला तो साफ विसरला. नांदगावकडच्या त्यांच्या मळ्यात गेलं की बांधावरच्या एकेका गवताची ते पाहुण्यासारखी ओळख करून देत, आणि पुढच्या खेपेला त्याच गवताचं नाव निराळंच असे. आठवण करून दिली तर म्हणत, "मागल्या येळी तुमी नीट पाह्यलं नसंल." नाशिकरोडच्या कचेरीत जन्म काढलेला मी काय वाद घालणार! त्यात देण्याचा सोस दांडगा. हरियाणात यात्रेला गेले, तर प्रसादाऐवजी बियाण्याच्या गव्हाची गोणी घेऊन आले, आणि तो गहू मळ्यात पिकल्यावर बी म्हणून गावभर वाटून मोकळे झाले.

पुढच्या हिवाळ्यात त्या गव्हात एक गवत उगवलं, हुबेहूब गव्हासारखं. तणनाशक मारलं, बाकीचं तण वाळलं, हे मात्र डोलत राहिलं. औषध बदललं, तरी तेच. "त्याला टॉनिक लागू पडतंय लेकाच्याला!" साडूभाऊ म्हणाले. शेवटी कृषी खात्याचा माणूस आला. "हे गवत तिकडून बियाण्यातूनच आलंय. तिथंच ते या औषधांना निर्ढावलंय. बी धरायच्या आत हातानं उपटा आणि पुढची काही वर्षं गव्हाऐवजी हरभरा घ्या. ओळख सोपी आहे. बुडखा लालसर दिसला की तण."

सोपी! आम्ही दोघं दिवसभर वावरात ओणवे.

"हा गहू का गवत?"

"तुम्हीच सांगा."

"मला तर गहू वाटतोय. म्हंजी गवतच असंल!"

संध्याकाळी मेहुणीबाईंनी ढीग उचकटून पाहिला. "अहो, यातला निम्मा गहू हाय!"

आम्ही हसत होतो, तेवढ्यात शेजारचा शेतकरी मूठभर गवत घेऊन आला. "दादा, तुमच्या बियाण्यातून आमच्यातबी हे आलंय." साडूभाऊंनी ते गवत हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. त्याला त्यांनी कुठलंच नाव दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते ज्याला ज्याला बी दिलं होतं त्याच्या वावरात जाऊन गवत उपटू लागले. "ऱ्हाऊ द्या दादा, आमी काढतो," म्हटलं, तर म्हणत, "मी दिलंय, मीच काढीन. फकस्त गहू उपटला तर वरडा."

यंदा त्यांच्या मळ्यात हरभरा आहे. परवा आम्ही शेजाऱ्याच्या ओंबीवर आलेल्या गव्हाच्या कडेला उभे होतो. "आहे का हो अजून गवत?" मी विचारलं.

त्यांनी कपाळावर हात आडवा धरून वावरभर नजर फिरवली.

"लांबून समदा गहूच दिसतो, साडूभाऊ," म्हणाले, आणि चपला बांधावर काढून वावरात उतरले.