बाबांनी परत फेकलेला चेंडू

भाजलेल्या शेंगांचा वास आला की बेसबॉलचं ते स्टेडियम आठवतं. आधी राष्ट्रगीत, विमानं, फटाके असा लढाई जिंकल्याचा थाट, आणि मग तासभर काहीच घडेना. अमेरिकेत माझ्याकडे आलेल्या बाबांचे हात तेव्हा इतके थरथरायचे, की चहाचा कप मला धरावा लागे. अचानक एक चेंडू उडत आमच्याकडे आला आणि त्यांनी तो चक्क झेलला. लोक टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात त्यांनी तो मैदानात परत फेकला. "बाबा, इथे चेंडू घरी नेतात!" मी ओरडलो. "अरे, मॅच अडली असेल ना त्यांची!" ते नागपूरला परतले आणि वर्षभरात गेले, पण गेलो तर परत येता येणार नाही, अशा अडकलेल्या व्हिसापायी मला जाता आलं नाही. तो चेंडू असता, तर त्यांनी घट्ट धरलेलं काहीतरी आज माझ्या हातात असतं.